फायलीतली अकरावी ओळ

कामरगाव
११ नोव्हेंबर २०२४

रुचिका,

किशनभाऊच्या जीपने पाकीट पोचलं. पेन ड्राइव्ह चालू आहे. पत्र नव्हतं.

चार वर्षांत पत्राशिवाय पाकीट पहिल्यांदाच आलं. फाईल बदलली की सोबत पत्र, हा नियम तूच केला होतास. ऊसतोडीला गेलेल्या माणसांची माहिती मोबाईलवर फिरणार नाही, असा शब्द आपण तांड्यांवर दिला आहे. म्हणून फोन नाही, म्हणून मानोऱ्याहून दर सोमवारी पाकीट. निदान मी तरी अजून तसंच धरून आहे.

तुझी फाईल उघडली. आपल्या प्रोग्रामातला ‘कुटुंब’ हा क्लास तुझा. मी त्यात कधी हात घातला नाही, पण वाचते. अकराव्या ओळीवर नवीन काही दिसलं. फ्रेंड क्लास आरोग्य.

ओळीचा अर्थ मला कळतो. कारंज्याला आपण एकाच बाकावर बसून शिकलो. क्लासचा खासगी भाग बाहेरच्या कोडला दिसत नाही. जे पाहिजे ते त्याच्या फंक्शनकडे मागायचं आणि मिळेल तेवढं घ्यायचं. पण क्लासने स्वतःच्या पोटात एक ओळ लिहून बाहेरच्या एकाचं नाव घेतलं, की त्या एकाला आत मोकळं फिरता येतं. काही मागावं लागत नाही.

ही सोय कोणाला द्यावी, असं सरांनी विचारलं होतं. तू म्हणालीस, कोणालाच नाही. सर हसले. मी वहीत लिहून घेतलं.

‘आरोग्य’च्या फायलीवर रंजीता असं नाव आहे. दिवाळीच्या आधी तू एका ओळीत कळवलं होतंस: वाशिमहून एक मुलगी आली आहे, संस्थेत आजारपणाच्या नोंदी बघणार आहे, माझ्याच खोलीत राहते. तीन आठवडे झाले असतील.

माझा ‘अहवाल’ क्लास चार वर्षं तुझ्या दाराशी उभा आहे. नाव मागतो, नाव मिळतं. पोचले का विचारतो, हो किंवा नाही मिळतं. मुक्काम कुठे आहे, हे मी एकदा मागितलं होतं. तू फंक्शन लिहून दिलं नाहीस. मी पुन्हा मागितलं नाही. मला वाटलं, तो भाग कोणासाठीच नाही.

पोचलेल्यांची यादी नेहमीप्रमाणे आमच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या शटरवर लावली. छप्पन्न कुटुंबं पोचली.

यूसरा


मानोरा
१८ नोव्हेंबर २०२४

यूसरा,

पत्र राहिलं, चूक झाली. त्या सोमवारी दोन तांड्यांवर जायचं होतं. किशनभाऊ हॉर्न वाजवत होता.

ओळीबद्दल. टोळीत कोणी आजारी पडलं की रंजीताला तीन गोष्टी लागतात. दुखणं काय, मुक्काम कुठे, जवळचा दवाखाना कोणता. फंक्शनमधून मागायचं तर मला तिन्ही सगळ्यांसाठी उघडी करावी लागली असती. त्यापेक्षा एकाला आत घेणं बरं. बाकीच्यांना भिंत तशीच राहते.

हे कामाचं आहे. यात दुसरं काही शोधू नकोस.

तुझ्या यादीला मुक्काम लागत नाही.

पऱ्हाटीचा दुसरा वेचा सुरू आहे, कापूस वेचायला गेलेली माणसं दिवसा घरी सापडत नाहीत. अब्बांचा खोकला कसा आहे?

रुचिका


कामरगाव
२५ नोव्हेंबर २०२४

रुचिका,

अब्बांचा खोकला बरा आहे. ते विचारत होते, तुझी मैत्रीण या वर्षी दिवाळीत आली नाही का. मी म्हणाले, तिला काम आहे.

तू लिहितेस, यात दुसरं काही शोधू नकोस. मी शोधलं नाही, दिसलं. कोड लिहिताना आपण दोघी आतल्या ओळीला चार मोकळ्या जागा सोडतो. कॉलेजपासून. रंजीता तीन सोडते. आता तुझ्या फायलीत बाविसाव्या ओळीपासून पुढे सगळीकडे तीन आहेत. एवढ्या ओळी तिच्यासारख्या करायला एक दुपार लागली असेल. पत्राला वेळ मिळाला नाही.

तिचीही फाईल मी वाचली. तू तिला आत घेतलंस. तिने तिच्या ‘आरोग्य’मध्ये तुझं नाव कुठेच घेतलेलं नाही. ही परवानगी आपोआप उलटी लागू होत नाही, हे मला माहीत आहे. ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायची असते. तिने लिहिली नाही, एवढंच सांगते.

मागच्या सोमवारी यादी वाचायला नेहमीची माणसं आली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते. इथल्या तांड्यावरचा सोमला थांबून राहिला. तो या वर्षी तोडीला गेलेला नाही. बायको गेली, भुरीबाई. त्याने विचारलं,

“पोरी, भुरी पोचली म्हून लिवलं. कुठं पोचली थे काहून नाही लिवलं?”

मी म्हणाले, “काका, मले तेवढंच माहीत हाय.”

“तुले बी नाही सांगत थे मानोऱ्याची पोरगी?”

“नाही सांगत.”

“मंग काय कामाची तुमची दोस्ती?”

बाकड्यावरचे हसले. तोही हसला. मग म्हणाला, “असो. तू खोटी बोलत नाही, थे सारा गाव सांगते.” बिडी पेटवून निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं. बायको कुठे आहे हे त्याला माहीत नाही, आणि वाशिमच्या रंजीताला माहीत आहे.

त्याच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला.

आता सरळ लिहिते. आपला दुसरा नियम आहे, दुसरीच्या फायलीत हात घालायचा नाही, पाहिजे ते पत्रात मागायचं. मी मागते. बाराव्या ओळीवर ‘अहवाल’चं नाव घाल. मी मुक्काम छापणार नाही. तो वापरणारसुद्धा नाही. नाव असू दे फक्त.

यूसरा


मानोरा
२ डिसेंबर २०२४

यूसरा,

नाही.

कारण आहे. लिहिता येत नाही. तुला लिहून कळवलं तर ज्यासाठी नाही म्हणते तेच संपेल.

मोकळ्या जागा पुन्हा चार केल्या आहेत. तीन रंजीताने केल्या होत्या, मला न विचारता. ती चांगली आहे. तिने तिच्या फायलीत ‘अहवाल’ला आत घेतलं आहे, तुला बरं वाटावं म्हणून. औषधांची यादी तुला आता थेट दिसेल.

रुचिका


कामरगाव
९ डिसेंबर २०२४

रुचिका,

यादी लावली. एकसष्ट पोचले, दोन कुटुंबं वाटेत आहेत. प्रिंटरची शाई संपत आली होती, कारंज्याहून मागवली.

रंजीताला माझे आभार सांग. तिने मला तिच्या घरात घेतलं. तिथून तुझ्या घराचं दार दिसतं, उघडत मात्र नाही. मैत्रिणीची मैत्रीण या भाषेत कोणीच नसते, हे तिला शिकवलेलं दिसत नाही. की माहीत असूनच दिलं?

तू तिला चांगली म्हणतेस. मग तिला एक विचार. सहावा महिना चालू असलेल्या बाईने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, हे तिच्या ‘आरोग्य’ला चालतं का? नुसत्या नोंदी करून पोट वाचत नाही. मी असते तर मुकादमाला सांगून तिला स्वयंपाकाच्या कामावर तरी बसवलं असतं.

इथे थंडी वाढली आहे. अम्मी तुला सलाम सांगते.

यूसरा


मानोरा
१६ डिसेंबर २०२४

यूसरा,

सहावा महिना तुला कोणी सांगितला?

मी सांगितला नाही. रंजीताला विचारलं, तिने सांगितला नाही. माहितीची फाईल नुसती उघडून वाचता येत नाही, ती ‘कुटुंब’मधूनच उलगडते. म्हणजे तू तुझ्याकडच्या माझ्या फायलीत बारावी ओळ घातलीस.

बाहेरून कोणाला स्वतःचं नाव घालता येत नाही, असं पुस्तकात असतं. खरं तर येतं. फाईल हातात असली की घालता येतं. ओळ कोणाच्या बोटांनी लिहिली, हे संगणक विचारत नाही. तेवढ्यासाठी आपला नियम होता.

आता कारण लिहायला हरकत उरलेली नाही.

भुरीबाई दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पायी माझ्याकडे आली. कोपरापासून मनगटापर्यंत टाके होते. सोमलाने विळा मारला होता. पोट तेव्हा दिसत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. पोलिसात जायला ती तयार नव्हती, अजून नाही. आई-बाप नाहीत. मी तिला दुसऱ्या तालुक्यातल्या टोळीबरोबर लावून दिलं. मुकादमाची बायको तिला ओळखते. मोळी ती उचलत नाही, पहिल्या दिवसापासून स्वयंपाकच करते. नोंदीत टोळीचं काम ऊसतोड असं लिहिलेलं असतं, तेवढं तू वाचलंस.

यादीत तिचं नाव नसतं तर सोमला शोधत सुटला असता. म्हणून नाव ठेवलं, पोचली असं ठेवलं.

आणि तो कुठे विचारायला येणार, हे मला माहीत होतं. तुझ्या दुकानात. जीप तिथे थांबते, यादी तिथे लागते. तो तुला विचारणार, आणि तू म्हणणार, माहीत नाही. तुझ्या माहीत नाही म्हणण्यावर चार गावं विश्वास ठेवतात, कारण तू कधी खोटं बोललेली नाहीस. तुला जमतही नाही. कॉलेजात माझी हजेरी लावताना तू अडखळलीस आणि दोघी वर्गाबाहेर उभ्या राहिलो.

तुला आत घेतलं असतं तर तुला रोज खोटं बोलावं लागलं असतं. त्या बाईला तुझं खरं माहीत नसणं पाहिजे होतं. माझ्याकडे तिच्यासाठी तेवढीच एक जागा होती. ती मी रंजीताला देऊ शकत नव्हते, रंजीताला तिकडे कोण ओळखतं?

तू किती जणांची माहिती वाचलीस?

रुचिका


कामरगाव
१७ डिसेंबर, मंगळवार

रुचिका,

किशनभाऊ दहा मिनिटांत निघतो आहे. पाकीट त्याच्या हातात देते, सोमवारची वाट बघू नकोस. फोन करता येत नाही. सोमला समोरच्या बाकड्यावर बसला आहे. मी हिशेबाचं काही लिहिते आहे, असं त्याला वाटत असावं.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तो काल दुपारीच आला होता.

त्याने तेच विचारलं. “पोरी, आता तरी कळलं का, भुरी कुठं हाय?”

मला म्हणायचं होतं, मले तेवढंच माहीत हाय. वाक्य तयार होतं. पण ते खरं नव्हतं, आणि मी थांबले. किती, ते सांगता येत नाही. अब्बांनी झेरॉक्सचं झाकण उघडून बंद केलं, तेवढं. शिवाय माझा हात स्क्रीनकडे गेला आणि मी ती माझ्याकडे वळवली. त्यावर त्या वेळी लग्नपत्रिका होती. तिला लपवायचं काही कारण नव्हतं.

मग मी म्हणाले, “माहीत नाही.”

तो म्हणाला, “आता माहीत हाय तुले.”

“नाही, काका.”

“मागच्या बारीले तू माह्या तोंडाकडं पाहून बोलली होती.”

तो ओरडला नाही. काल दुकान बंद होईपर्यंत बसला, आज उघडायच्या आधी येऊन बसलेला होता. अब्बा त्याला चहा देतात, दुकानात आलेल्या माणसाला ते देतातच. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. मघाशी सोमला त्यांना म्हणाला, “तुमच्या पोरीले माह्या घरातलं माह्यापेक्षा जास्त माहीत हाय, चाचा.” अब्बा माझ्याकडे पाहत राहिले.

त्याला मी गाव सांगितलेलं नाही. सांगणार नाही. पण तो माझा चेहरा बघतो आहे. तो एकेका गावाचं नाव घेत बसला, तर कोणत्या नावाला मी खाली बघेन, हे मलाच माहीत नाही.

तिला हलवा. लगेच. कुठे नेलं ते मला कळवू नका.

मी किती जणांची वाचली, असं तू विचारलंस. नऊ तारखेच्या आदल्या रविवारी बारावी ओळ घातली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट कुटुंबं वाचली. वाचताना माहितीकडे लक्ष नव्हतं. प्रत्येक नोंद उघडताना एवढंच मनात होतं, की हे तिने पाहिलंय आणि मी नाही. भुरीबाईचं नाव आलं तेव्हा तर मला आनंद झाला. रंजीताची चूक सापडली असं वाटलं.

किशनभाऊ हॉर्न वाजवतो आहे.

यूसरा


मानोरा
२३ डिसेंबर २०२४

यूसरा,

हलवली. रंजीता स्वतः गेली, बसने, दोन दिवस लागले. भुरीबाईने तिला एकच विचारलं, कोणी सांगितलं का. रंजीता म्हणाली, कोणी सांगितलं नाही, आम्हीच खबरदारी घेतो आहोत. रंजीताला खोटं बोलता येतं.

आज पेन ड्राइव्ह पाठवते आहे. ‘कुटुंब’ची नवी फाईल आहे, त्यात अकरावी ओळ आहे, बारावी नाही. माहितीची फाईलही नवी आहे. भुरीबाईचा नवा मुक्काम तिच्यात आहे.

रंजीता म्हणाली, ती नोंद वगळून पाठव. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. नोंद वगळली तर यादीतून नाव जातं आणि सोमलाला कळतं काहीतरी बदललं. पण ते एकच कारण नव्हतं. मुक्कामाची जागा कोरी सोडता आली असती. मी सोडली नाही.

तू पुन्हा ओळ घातलीस तर तुला सगळं दिसेल. मला कळणार नाही.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. आणि दिवाळीत मी तुझ्याकडे यायला हवं होतं. भुरीबाईला पोचवून आले त्या रात्री कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्या एकीला सांगायचं तिलाच सांगता येत नव्हतं. रंजीता खोलीत होती. तिला सांगितलं.

रुचिका


कामरगाव
३० डिसेंबर २०२४

रुचिका,

पाकीट मिळालं. तुझी फाईल जशी आली तशी ठेवली.

माझ्या ‘अहवाल’मध्ये मुक्काम वाचणारा तुकडा अजून होता. तो तसाच ठेवून कम्पाइल केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘मुक्काम’ खासगी आहे, इथून वापरता येणार नाही. कॉलेजात ही चूक आली की मला घाम फुटायचा. आज ती तीनदा वाचली. मग माझा तुकडा पुसला आणि यादी छापली. त्रेसष्ट पोचले.

भुरीबाईच्या जुन्या मुक्कामाचं गाव मी विसरू शकत नाही. पण ती आता तिथे नाही.

तू तिला सांगितलंस, मला नाही, हे समजलं. कारणही समजलं. तरी ती ओळ वाचून पत्र बाजूला ठेवावं लागलं. हे जाईल असं वाटत नाही. रंजीताला सांग, तिने त्या बाईसाठी दोन दिवस बसने प्रवास केला, मी केला नसता. आणि माझ्या फायलीत चारच मोकळ्या जागा राहतील.

यादी लावत होते तेव्हा सोमला बाकड्यावर होता. दोन आठवडे बसतो आहे. गावांची नावं त्याने घेतली. एकेक. साखर कारखाने त्याला सगळे माहीत आहेत. जुन्या गावाचं नाव आलं तेव्हा मी यादीच्या वरच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावत होते. त्याने ते दोनदा घेतलं.

“थे तिथं हाय, नाही का?”

मी पट्टी लावून खाली उतरले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाही, काका. तिथं नाही.”

“मंग कुठं हाय?”

“मले माहीत नाही.”

तो पाहत राहिला. मीही पाहत राहिले. अब्बा चहाचा पेला घेऊन आले होते, तो त्याने घेतला नाही. मग त्याने टोपी झटकली आणि उठला. तांड्याकडे गेला नाही. कारंज्याची जीप उभी होती, तिच्यात बसला.

कारंज्याहून पुढे मानोऱ्याला जाता येतं; तो कुठे उतरणार, हे मला माहीत नाही. तू तुझ्या दाराला आतून कडी लाव. तिथे माझं ‘माहीत नाही’ उपयोगाचं नाही, आणि तुला सगळं माहीत आहे.

यूसरा